आठची एसटी आणि आतड्यांचं वेळापत्रक

पत्राचा गोषवारा : सांगली जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेनं हे लिहिलंय. वय ४३. घर मिरजेजवळ, शाळा कवठेमहांकाळ तालुक्यातल्या एका गावात. पहाटे पाचला उठून मिस्टरांचा आणि मुलाचा डबा, सासूबाईंचं चहापाणी, मग आठची एसटी. घरी यायला संध्याकाळचे साडेसहा. सात-आठ वर्षांपासून झोपताना सासूबाईंनी सुरू करून दिलेलं चूर्ण घेतात. घेतलं तर सकाळी पोट साफ, नाही घेतलं तर दोन-तीन दिवस काहीच नाही. पोट गच्च, डोकं जड, चिडचिड. हल्ली एका चमच्याचे दोन झालेत. उन्हाळ्यात हिमोग्लोबिन ९ निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्रास वाढला. दोन-तीनदा रक्त दिसलं, पण "आमच्या घरात सगळ्यांनाच मूळव्याध आहे". मिस्टरांनी मोबाइलवर 'आतडी शुद्धी'ची जाहिरात पाहिलीय : पाच दिवस, आठ हजार रुपये, आतड्यांना चिकटलेली वर्षानुवर्षांची घाण बाहेर. ते पैसे भरायला तयार आहेत. त्या विचारतात : भाजी-भाकरी खाऊनही माझंच पोट असं का? शुद्धी करून घेऊ का? चूर्ण सोडू का?

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही कंसात टाकलंय : "(शाळेत संडासला जाणं तर शक्यच नसतं, ते सोडा.)" ते मी सोडणार नाही. तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर त्या कंसात आहे. पण त्याआधी रक्ताचं बोलू, कारण तेही तुम्ही एका ओळीत उरकलंय आणि ते थांबवून ठेवण्यासारखं नाही.

ताजं लाल रक्त, शौचानंतर थेंब थेंब पडलेलं किंवा वरून लागलेलं, बहुतेक वेळा मूळव्याधीचं किंवा गुदद्वाराला पडलेल्या भेगेचं असतं. भेग असली तर काचेनं कापल्यासारखं दुखतं, मूळव्याध बऱ्याचदा न दुखता वाहते. तेव्हा तुमचा अंदाज बरोबरही असेल. मात्र घरात सगळ्यांना मूळव्याध आहे म्हणून तुमचं रक्त मूळव्याधीचंच, असं होत नाही. मूळव्याध असलेल्या माणसाला आतड्यात दुसरं काही होऊ शकत नाही असंही नाही. त्यातून हिमोग्लोबिन ९. ते का उतरलं हे कुणी शोधलं का? तुमच्या वयात जास्त जाणारी पाळी हे सगळ्यात नेहमीचं कारण. पण आतड्यातून हळूहळू, डोळ्यांना न दिसता रक्त जात असेल तर त्याचीही पहिली खूण नुसती कमी झालेलं हिमोग्लोबिन हीच असू शकते. कारण न शोधता लोहाची गोळी देणं म्हणजे अर्धंच काम झालं.

शौचाचा रंग पाहून तुम्हाला समजेल म्हणावं, तर लोहाच्या गोळीनं शौच तसंही काळपट होतं. डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं झालं तर ते वेगळं. ते वरच्या भागातलं, जठरातलं रक्त असू शकतं आणि त्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. एरवी या पंधरवड्यात जाऊन या. १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू झालं ते मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव दारात आहे, कर्नाटकातून माणसं तिथं येतात. बोटानं आणि छोट्या नळीनं करायची तपासणी पाच मिनिटांची असते. लाज वाटत असेल तर लेडी डॉक्टर मागून घ्या. रक्ताची पूर्ण तपासणी, थायरॉइड आणि साखर एकदमच करून घ्या. थायरॉइड मंद असलं तरी आतडी मंदावतात. दुर्बिणीनं मोठं आतडं बघायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर ते न विचारता सांगायचं. वजन उतरलंय का, तेही. लोहाची गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका. दुसऱ्या प्रकारची किंवा एक दिवसाआड चालेल का, एवढं विचारा.

आता शुद्धी. पैसे भरू नका.

त्या जाहिरातीमागे आतडं म्हणजे मोरीचा पाइप अशी कल्पना आहे : वर्षानुवर्षं घाण बसत जाते, मग कुणीतरी येऊन तो धुवायचा. प्रत्यक्षात आतड्याचं आतलं अस्तर दर तीन ते पाच दिवसांत नवं होतं. जुन्या पेशी गळून शौचातून जातात, वर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो आणि सगळी नळी सतत आकसत-सैलावत असते. लहान आतडं सुमारे सहा मीटर, मोठं दीड मीटर. आपण प्यायलेलं पाणी आणि लाळ, जठररस, पित्त असं शरीरानंच सोडलेलं मिळून रोज आठ-नऊ लिटर द्रव लहान आतड्यात उतरतो. त्यातला लिटर-दीड लिटर मोठ्या आतड्यात पोचतो आणि शौचावाटे जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर बाहेर पडतो. बाकीचं सगळं शरीर परत घेतं. इतकी धुलाई आत फुकट चालू असताना आठ हजारांचं पाणी कशाला? दुर्बिणीनं तपासणी करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला विचारा, वर्षानुवर्षांची चिकटलेली घाण त्यांना कधी दिसत नाही. जाहिरातीत दाखवतात ते काळे दोर पुष्कळदा त्या शुद्धीच्या औषधातलेच असतात. माती आणि इसबगोलासारखा फुगणारा पदार्थ एकत्र पोटात गेला की आतड्याच्या आकाराचाच गोळा बाहेर पडतो आणि गिऱ्हाईक खूश.

मिस्टरांना हसू नका हं. ही कल्पना शिकल्या-सवरल्यांनाही भुलवून गेलीय. शंभरेक वर्षांपूर्वी लंडनमध्ये आर्बथनॉट लेन नावाचे नावाजलेले सर्जन होते. साठलेल्या मळाचं विष अंगात भिनतं या समजुतीनं ते बद्धकोष्ठाच्या रोग्यांचं मोठं आतडंच कापून काढत. १९०८ चं नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ मेचनिकॉफही मोठ्या आतड्यातल्या विषाबद्दल असंच मानत. मग १९१९ मध्ये अमेरिकेतल्या वॉल्टर अल्वारेझ या डॉक्टरांनी एक साधा प्रश्न टाकला : विष रक्तात भिनलेलं असेल, तर शौचाला झाल्या झाल्या माणसाला बरं कसं वाटतं? विष काही मिनिटांत उतरत नाही. त्या सुमारास झालेल्या एका प्रयोगात धडधाकट माणसांच्या गुदाशयात नुसता कापूस भरला, तर त्यांचंही डोकं जड झालं, मरगळ आली. कापूस काढला, बरं वाटलं. कापसात कुठलं आलंय विष? तुमचं जड डोकं आणि चिडचिड खरी आहे, मनाचे खेळ नाहीत. पण ती येते ती ताणल्या गेलेल्या आतड्याच्या नसांमुळे.

नळीनं पाणी सोडून आतडी धुण्याचे तोटेही आहेत. क्षारांचं प्रमाण बिघडतं, जंतू जाऊ शकतात, क्वचित आतड्याला भोकही पडतं. ज्या बाईला रक्त जातंय आणि कारण माहीत नाही, तिनं तर तिकडं फिरकूच नये. आतडी खरोखर पूर्ण रिकामी करावी लागतात ती दुर्बिणीच्या तपासणीआधी, डॉक्टरांनी दिलेल्या औषधानं, आणि तीही डॉक्टरांना आत नीट दिसावं म्हणून. त्यानं तब्येत सुधारते म्हणून कुणी करत नाही.

तुमच्या पत्रात 'रोज' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. रोज पोट साफ झालंच पाहिजे हे आपल्याकडं जन्मापासून मनावर ठसवलेलं. डॉक्टर मंडळी दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा इथपर्यंत सगळं सामान्य धरतात. खाल्लेलं बाहेर पडायला एक ते तीन दिवस लागतात, त्यात जास्त वेळ मोठ्या आतड्यात जातो. दिवस मोजण्यापेक्षा शौच कसं होतं ते बघा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये त्याचे सात प्रकार पाडले : पहिला म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे कडक खडे, सातवा नुसतं पाणी. तिसरा-चौथा, म्हणजे मऊ, सलग, कुंथायला न लावणारा, तो चांगला. तसं एक दिवसाआड होत असेल तर ते बद्धकोष्ठ नाही. रोज होतंय पण खडे पडतायत, घाम फुटेस्तोवर जोर लावावा लागतोय, तर ते आहे. तुम्ही लिहिलंय की चूर्ण घेतलं की "पाण्यासारखं, पण साफ". तो सातवा प्रकार झाला, ताई. ते साफ होणं नाही, ते जुलाब आहेत.

आणि इथंच चूर्णाचा फास आहे. बाजारातल्या बहुतेक पोटाच्या चूर्णांत सोनामुखी असते. मोठ्या आतड्यातले जंतू तिच्यातल्या घटकाचं रूपांतर करतात, मग आतडं जोरात आकसतं. सहा ते बारा तास लागतात, म्हणून रात्री घेतलेलं सकाळी लागू पडतं. औषध म्हणून ती वाईट नाही, डॉक्टरही देतात. पण जुलाब होऊन आतडं पार रिकामं झालं की ते परत भरायला दोन-तीन दिवस लागणारच. तेवढ्यात तुम्हाला वाटतं, बघा, चूर्ण नाही तर काहीच नाही. घाबरून पुन्हा चमचा. खरं तर त्या दोन दिवसांत बाहेर पडण्यासारखं आत काही नसतंच. ठरलेल्या मात्रेत घेतलेल्या सोनामुखीनं आतड्याच्या नसा कायमच्या मरतात याला भक्कम पुरावा नाही, तेव्हा ती भीती काढून टाका. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या आतड्याचं अस्तर काळसर होतं, तेही बंद केल्यावर महिन्यांनी निवळतं. पण मात्रा वाढत गेली की पोटॅशियम कमी होणं, अशक्तपणा, पायात गोळे येणं हे होतं. 'आयुर्वेदिक आहे, त्रास नाही' असं बाटलीवर लिहिलं म्हणून ते औषध नाही असं होत नाही.

सोडायचं तर एका रात्रीत नको. दोन चमच्यांवरून दीडवर या, आठवड्यानं एकावर, मग एक दिवसाआड. सोबत इसबगोल सुरू करा. आधी एक चमचा, मोठा ग्लासभर पाण्यात लगेच ढवळून प्यायचं, वर आणखी पाणी. अर्ध्या कपात खीर करून खाल्लं तर तेच अडकून बसतं. अगदी झोपताना नको, संध्याकाळी घ्या, आणि लोहाची गोळी व इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. पोट फुगून उलट्या होत असतील, वारासुद्धा सरत नसेल तर मात्र इसबगोल नाही, चूर्ण नाही, सरळ दवाखाना. इसबगोलानं भागलं नाही तर आतड्यात पाणी धरून ठेवणारी लॅक्टुलोजसारखी पातळ औषधं डॉक्टर देतात, ती बऱ्याच दिवसांसाठीही चालतात. पहिले पंधरा दिवस पोट गुबारेल. मधे तीन दिवस कोरडे गेले तर एक चमचा चूर्ण घेऊन मोकळ्या व्हा, त्यात हरल्यासारखं काही नाही.

आता तो कंस.

रात्री आतडं जवळजवळ झोपलेलं असतं. सकाळी उठल्यावर आणि पोटात काही गेल्यावर मोठं आतडं जागं होतं, आतला ऐवज एकदम पुढं ढकलतं. जेवणानंतर असं दिवसभरात थोड्याच वेळा होतं आणि सगळ्यात जोमानं सकाळी. माल गुदाशयात आला की तिथली भिंत ताणते, आतला स्नायू आपोआप सैल होतो आणि तुम्हाला कळ येते. बाहेरचा स्नायू तेवढा आपल्या हातात. तो आवळून धरला की दहा-पंधरा मिनिटांत कळ जिरते. माल तिथंच, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, खडा होतो. वर्षानुवर्षं असं केलं की गुदाशयाला ताणाची सवय होते आणि कळ यायचीच कमी होते.

तुमची सकाळ बघा. पाचला उठता, उभ्यानं अर्धा कप चहा. कळ आली तर येणार साडेपाच-सहाला, तेव्हा तव्यावर भाकरी. मग मुलाचा क्लास, मिस्टरांची कुपवाडची पहिली पाळी, मग एकुलता संडास सासूबाईंकडं, मग एसटी. शाळेत मधल्या सुट्टीत डबा खाल्ल्यावर पुन्हा कळ येत असणार. तिथं मुलांचं एक शौचालय, कडी तुटलेली, पाणी हापशावरून आणायचं. म्हणून तुम्ही दिवसभर पाणीही पीत नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक शिक्षिका, कंडक्टर बायका, बाजारात बसणाऱ्या मावश्या हेच सांगतात. मग विचारता, भाजी-भाकरी खाऊन माझंच पोट असं का! ताई, तुमच्या आतड्यात खोट असेलच असं नाही. दिवसातून दोनदा ते हाक मारतं आणि दोन्ही वेळा तुम्हाला जायला जागा नसते.

म्हणून घरातला उपाय चूर्णाच्या आधी लागू करायचा. उठल्यावर कोमट पाणी किंवा चहा, सोबत खायला काहीतरी : केळं, शिळी भाकरी, काहीही, नुसत्या चहापेक्षा खाण्यानं आतडं चांगलं हलतं. त्यानंतर वीसेक मिनिटांनी, कळ असो वा नसो, दहा मिनिटं संडास तुमचा. मोबाइल बाहेर. दहा मिनिटांत झालं नाही तर उठायचं, कुंथत बसायचं नाही, मूळव्याध त्यातूनच वाढते. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर उत्तम, उकिडवं बसलं की गुदाशयाचा बाक सरळ होतो. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या. रोज एकाच वेळी, रविवारीसुद्धा. तीन-चार आठवडे लागतील. त्या अर्ध्या तासात डबे कोण भरणार? ज्यांची आठ हजार रुपये भरायची तयारी आहे, त्यांनी भरावेत. मी हे गमतीनं म्हणत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहून मागितलंत तरी चालेल.

शाळेचं काम एकटीनं होणार नाही, आणि ते 'माझ्या पोटासाठी' म्हणून मागायचंही नाही. शिक्षण हक्क कायद्यात मुला-मुलींना वेगळी शौचालयं असली पाहिजेत असं आहे, शाळा व्यवस्थापन समिती त्याच कायद्यानं आलेली आहे. समितीच्या सभेत विषय लेखी द्या : कडी, पाणी, बायकांसाठी वेगळी खोली. गावाला लाज वाटली तर आठवण करून द्या की ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू करणारे आर. आर. आबा याच जिल्ह्यातले, तासगावचे. आणि हे तुमच्यापुरतं नाही हे वर्गातही दिसेल. पाय आवळून चुळबुळणारा, दुपारनंतर पोटात दुखतंय म्हणणारा, चड्डीत डाग पडतात म्हणून मुलं चिडवतात असा एखादा असतोच. दाबून धरल्यानं आत खडा साठतो आणि त्याच्या कडेनं पातळ झिरपतं. घरचे त्याला जुलाब समजून आणखी घोटाळा करतात. अशा पोराला रागावण्यापेक्षा त्याच्या आईला बोलवा.

खाण्यावर मी फार बोलणार नाही, तुमचं जेवण चांगलं आहे. शाळू ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात दहा ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, पांढऱ्या तांदळात तीनच्या आत. दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम पुरतात. फक्त तुमचा दुपारचा डबा बघा : पत्रात लिहिलंय, "वेळ नसला की भात नाहीतर भडंग". आठवड्यातून किती दिवस वेळ नसतो? हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, शेपू-मेथी, एखादा पेरू, मूठभर बेदाणे, जवसाची चटणी. यातलं जमेल ते वाढवा, पण हळूहळू. एकदम वाढवलं तर आतड्यातल्या जंतूंना मेजवानी आणि तुम्हाला गॅस. दिवसाला दहा-वीस वेळा वारा सरणं हे तसंही सगळ्यांचंच आहे, बोलत कुणी नाही. पाण्याची बाटली शाळेत नेता का, आणि ती संपते का?

असंच पत्र लिहायच्या बेतात असलेल्यांसाठी दोन गोष्टी. नवीन औषध सुरू झाल्यावर पोट बिघडलं असेल तर आधी गोळ्यांकडं बघा : लोह, कॅल्शियम, दुखण्यावरच्या काही जोरदार गोळ्या, खोकल्याची कोडीनची औषधं, रक्तदाबाच्या आणि मनाच्या आजाराच्या काही गोळ्या, सगळ्या आतडी मंदावतात. आणि पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर सवय अचानक बदलली, कधी घट्ट कधी पातळ, वजन उतरतंय, पोट दुखून रात्री जाग येतेय, तर चूर्ण-इसबगोल करत महिने काढू नयेत.

राहता राहिल्या सासूबाई. तुम्ही म्हणता त्याही तेच चूर्ण घेतात आणि त्यांना रक्तदाबाची गोळी आहे. अशा चूर्णांत सैंधव, काळं मीठ बऱ्याचदा असतं, त्यानं रक्तदाब चढतो. आणि लघवी वाढवणारी गोळी असेल तर जुलाबानं पोटॅशियम आणखी उतरतं. बाटलीचं लेबल वाचा, पुढच्या वेळी ती बाटली त्यांच्या डॉक्टरांना दाखवा. हे त्यांना समजावण्याचं काम मात्र त्यांच्या मुलाकडं सोपवा.